रुचिकलिका, कोंब आणि कोबी

फोंड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे: ‘टेस्ट बड’ला मराठीत स्वादांकुर म्हणावं, जिव्हांकुर म्हणावं की रुचिकलिका? आणि इंग्रजीत एकट्या ‘बड’वर भागत असताना आपल्याकडे कळी, अंकुर, कोंब, मुकुल असे इतके शब्द कशाला?

रुचिकलिका म्हणा. बाकीचे दोन्ही सोडून द्या. हल्ली पाककृतींच्या प्रत्येक व्हिडिओत कोणीतरी आंबटतिखटाचा घास घेऊन ‘जिभेवरचे स्वादांकुर फुलले’ असं म्हणतं आणि माझं डोकं उठतं. आरशात जीभ बाहेर काढली की जे बारीक उंचवटे दिसतात ते टेस्ट बड नव्हेत. ते अंकुरक. जिभेवर सगळ्यात जास्त संख्येने असलेल्या धाग्यासारख्या अंकुरकांत तर रुचिकलिका नसतातच. ते फक्त जीभ खरखरीत ठेवतात. रुचिकलिका असतात बाकीच्या अंकुरकांच्या कातडीत दडलेल्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. एकेका कलिकेत साधारण 50 ते 100 लांबट पेशी एकमेकींना बिलगून उभ्या असतात आणि वर एक इवलंसं छिद्र असतं. उंचवट्याला अंकुरक आणि त्यातल्या कलिकेला स्वादांकुर म्हटलं, तर मुलांच्या डोक्यात गोंधळ होणारच.

जिव्हांकुर तर त्याहून चुकीचा. रुचिकलिका आपल्याच टाळूत आणि घशातही असतात. शिंगाळ्याच्या जातकुळीतल्या माशांच्या मिशांवर त्या असतात, काहींच्या तर अंगभर. 1851 साली जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्झ लायडिगने त्यांचं पहिलं वर्णन केलं तेही माशांच्या कातडीतलं. जीभ त्यात नव्हतीच. सस्तन प्राण्यांच्या जिभेतल्या कलिका 1867 साली स्वीडनच्या ओट्टो क्रिस्टियान लोवेनने आणि जर्मनीच्या गुस्ताव श्वाल्बेने एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवल्या. श्वाल्बेला त्या पेल्यांसारख्या वाटल्या. स्वीडिश भाषेत त्यांना आजही ‘चवीचा कांदा’ म्हणतात. पाकळ्यांसारख्या मिटलेल्या पेशी पाहून कोणाला कळी आठवली, कोणाला पेला, कोणाला कांदा. म्हणजे नाव आकारावरून पडलं. रुचिकलिका उमलत नाही, तिचं फूल होत नाही. तिच्यातल्या बहुतेक पेशी काही दिवसांत मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हा काळ सरासरी दहा दिवसांच्या आसपास निघाला. फुलण्याची भाषा तिथे लागू नाही.

आता बाकीचे शब्द. अंकुर बियांतून येतो. भिजवलेल्या मुगाला येतात ते मोड. कळी फुलाची, सगळ्यांना ठाऊक. हायड्रा या पाण्यातल्या इवल्याशा प्राण्याच्या किंवा यीस्टच्या अंगाला फुगवटा येऊन त्यातून नवा जीव सुटा होतो, तिथे मुकुल आणि मुकुलन. निसर्गअभ्यासक आब्राहम ट्रेंब्लेने 1740 च्या दशकात हायड्रातलं हे मुकुलन पाहिलं, तेव्हा हा प्राणी की वनस्पती यावर त्याला बराच विचार करावा लागला होता. माळ्याच्या भाषेत मात्र खोडावरच्या कळीला डोळा म्हणतात. उसाचा डोळा, बटाट्याचा डोळा, गुलाबावर डोळा भरणं. वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकांनी हा शब्द का टाळावा, मला समजत नाही. बटाटा हे खोडच आहे आणि त्याचे डोळे म्हणजे त्या खोडावरच्या कळ्या, हे ‘कक्षस्थ कलिका’ म्हणण्यापेक्षा ‘डोळा’ म्हटल्यावर मुलाला चटकन कळतं.

राहिला कोंब, आणि मला खरं तर त्याच्याबद्दलच बोलायचं आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बेळगावहून आलेले कोबीचे गड्डे रचलेले असतात. त्यातला एक उभा चिरून पाहा. मधे आखूड जाड दांडा, त्याच्याभोवती एकावर एक मिटलेली पानं, आणि पानांच्या बगलेत बारीक कळ्या. कोबीचा गड्डा ही आख्खी एक कळीच आहे, आपल्या स्वयंपाकघरात येणारी सगळ्यात मोठी. एवढं पाहिलं की व्युत्पत्तीचे हौशी लगेच सांगतात: कोंब, म्हणून कोबी. दिसायला सुंदर, पण साफ चूक. कोंबातला अनुस्वार कुठे गेला, याचं उत्तर त्यांच्यापाशी नाही. शिवाय ही भाजी युरोपीयांबरोबर आपल्याकडे आली. नाव आधीपासून वाट बघत बसलं होतं का?

कोबी आला पोर्तुगीज ‘कोव्ह’वरून (couve). शेवटच्या ‘ए’ची मराठीत ‘ई’ होते हे ‘शाव्ह’ची (chave) चावी झाली तिथे दिसतंच. अडचण एकच: चावीत ‘व’ टिकला, मग कोबीत ‘ब’ कसा? माझा तर्क असा की दोन शब्द दोन वेगळ्या तोंडांतून आले. उत्तर पोर्तुगालच्या बोलीत ‘व’चा सर्रास ‘ब’ होतो. चावी कचेरीतल्या भाषेतून आली असेल आणि कोबी तिथल्या खलाशांच्या आणि शिपायांच्या तोंडून, असं मला फार दिवसांपासून वाटतं. हिंदी कोशकार गोभीला संस्कृत ‘गोजिह्वा’शी, म्हणजे गाईच्या जिभेशी, नेऊन भिडवतात. हिंदीपुरतं त्यांचं म्हणणं खरं असेलही. तेच मराठी कोबीला चिकटवणाऱ्यांनी आपल्या शेजारी साडेचारशे वर्षं कोण राज्य करत होतं हे तरी पाहावं.

आणि गंमत याच्या पुढे आहे. ‘कोव्ह’ लॅटिन ‘कौलिस’पासून आला, आणि कौलिस म्हणजे देठ, दांडा. इंग्रजी कॉलिफ्लॉवरच्या पूर्वार्धात तोच आहे. आपण तो पूर्वार्ध टाकून नुसता ‘फ्लॉवर’ ठेवला. म्हणजे आपल्या बाजारातली सगळ्यात मोठी कळी आपण देठाच्या नावाने विकत घेतो. पोर्तुगीजांकडे गड्ड्याच्या कोबीसाठी वेगळा शब्द होता, आजही आहे: ‘रेपोल्यु’. त्याच्या मुळाशी कोंब फुटणं हाच अर्थ आहे. नेमका शब्द त्यांच्याकडेच राहिला आणि आपण दांडा घेतला.