घरच्या बार्बेक्यूत आधी आग समजून घ्या

नवशिक्यांचं बिघडतं ते बहुतेक घाईमुळे. ज्वाळा बसून निखाऱ्यांवर पांढरट राख धरायला 25-30 मिनिटं लागतात. त्याआधी मासळी चढवलीत तर ती बाहेरून काळी आणि आतून कच्ची राहते. गोव्याच्या दमट हवेत उघडा कोळसा ओल धरतो, मग धूर करतो. तो झाकणाच्या डब्यात ठेवा. पेटवायला सुक्या करवंट्या उत्तम. रॉकेल अजिबात नको, त्याचा वास खाण्यात उतरतो.

निखारे शेगडीच्या एकाच बाजूला लोटा. करपू लागलेला तुकडा सरकवायला मोकळी बाजू हवीच.

सुरुवात बांगड्यापासून करा. तेलकट असल्याने तो सहसा कोरडा पडत नाही. रेशाद मसाला (लाल मिरच्या आणि व्हिनेगरचं गोव्याचं वाटण) पोटात भरा, वरून मात्र नावापुरताच, कारण त्यातली साखर लगेच जळते. बांगडा पुसून कोरडा करा आणि जाळी कडक तापवून तेल लावा. मध्यम बांगड्याला एकेका बाजूला 4-5 मिनिटं पुरतात. चिकटला तर ओढू नका, मिनिटभर थांबा. कातडी भाजली की सुटते.

चिकनच्या तंगडीला आधी निखाऱ्यावर रंग आणा, मग मोकळ्या बाजूला झाकून हाडाजवळ 74 अंश सेल्सिअस होईपर्यंत ठेवा. थर्मामीटर घ्याच, अंदाजावर जाऊ नका. या उकाड्यात मसाला लावून मुरवायचं ते फ्रिजमध्येच, आणि कच्च्या मांसाचं ताट पुन्हा वापरायचं नाही.

1 जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, तेव्हा बांगड्यांवरचा सराव मे महिन्यातच उरका.