अर्धी राहिलेली कादंबरी आणि तीस दिवस

प्रश्न : माझी कादंबरी २२ हजार शब्दांवर दीड वर्ष अडून आहे. आमच्या लेखनगटानं ३० दिवसांत ५० हजार शब्दांचं आव्हान ठेवलंय. नोकरी सांभाळून, जुनंच हस्तलिखित घेऊन उतरावं का?

उत्तर : जरूर उतरा, पण ५० हजारांचं ओझं घेऊ नका. तो आकडा ‘नॅनोरायमो’ या महिनाभरात कादंबरी लिहिण्याच्या आव्हानाचा. १९९९ साली अमेरिकेत २१ जणांनी ते आव्हान सुरू केलं. रोजचे १,६६७ शब्द पडतात. ते चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद पडली, आकडा मात्र टिकला. मूळ नियम कोरी कादंबरी सुरू करण्याचा होता. तुम्हाला हातातली संपवायची आहे, म्हणून आकडाही तिच्यातूनच काढा.

उरलेले प्रसंग एकेका ओळीत मांडा. समजा २४ निघाले आणि तुमचा प्रसंग सरासरी १,२०० शब्दांचा होतो, तर २८,८०० शब्द बाकी आहेत. त्यांना ३० नं नव्हे, २५ नं भागा : रोज साधारण १,१५०. पाच दिवस आजारपण आणि ऑफिसच्या घाईला राखून ठेवा. ते संपून आणखी तीन दिवस बुडाले, तर ३,४५० शब्द एका रविवारी उरकायला जाऊ नका. अशा रविवारनंतरच माणसं आव्हान सोडतात. १५ दिवस उरले असतील तर रोज २३० वाढवले की भागतं.

आव्हान सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, आहे तेवढं सगळं सलग वाचा. दुरुस्ती अजिबात नको. फक्त नावं, वयं, तारखा आणि सुटलेले धागे टिपा. कथा जिथं थांबली, चूक बहुधा तिथं नसते. दोनतीन प्रसंग मागं पात्रानं काही ठरवायला हवं होतं आणि ते ठरवलेलं नसतं. ती जागा सापडली की नव्यानं लिहू नका, समासात ‘इथं ती नकार देते’ एवढं नोंदवा आणि तसं घडलंय असं धरून पुढचं लिहा.

लिहिताना तपशील आठवेना, तर ‘क्षक्ष’ टाकून पुढं सरका. ही जोडी एरवी कुठल्या शब्दात येत नाही, त्यामुळे नंतर शोधली की नेमकी सापडते. रोज लिहून उठताना उद्याची पहिली ओळ लिहून ठेवा : ‘सुमन कपाट उघडते, पत्र जागेवर नाही.’

गटाचा खरा उपयोग घड्याळाचा. २० मिनिटं सगळ्यांनी एकाच वेळी लिहायचं, मग फक्त शब्दसंख्या सांगायची. मजकूर महिनाभर कुणालाही दाखवू नका. एक अभिप्राय आला की हात पहिल्या प्रकरणाकडे वळतो.

प्रश्न : मी वहीत लिहिते. शब्द कसे मोजू? शिवाय इतरांपेक्षा माझी संख्या कमीच भरते.

उत्तर : भरलेल्या दहा ओळींतले शब्द मोजा. ८० आले तर ओळीला ८. पानावर २५ ओळी असल्या की २०० शब्द. तेवढा अंदाज पुरतो. गटात कुणी इंग्रजीत लिहीत असेल तर तुलना सोडूनच द्या. ‘घरासमोरच्या’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत त्यालाच चारपाच लागतात.