फंगस म्हणजे नेमकं काय? अळमी (म्हणजे अळंबी) आणि पावावरची बुरशी, दोन्हींना एकच शब्द कसा?

फंगस हा शब्द लॅटिन. मूळ अर्थ साधा: अळंबी. ग्रीकमधल्या 'स्फोंगोस'शी, म्हणजे स्पंजाशी, त्याचं नातं जोडतात, आणि अळमी चिरताना ते पटतंही. पुढे शास्त्रज्ञांनी बुरशी, यीस्ट, अळंबी सगळ्यांनाच या नावाखाली आणलं, कारण रचना मुळात एकच. पेशीभित्तीत कायटिन नावाचा चिवट पदार्थ, हरितद्रव्य नाही, अन्न बाहेरून शोषून घ्यायचं. अमेरिकी शास्त्रज्ञ व्हिटेकरने 1969 मध्ये सजीवांच्या वर्गीकरणात त्यांना वनस्पतींपासून वेगळी स्वतंत्र सृष्टी दिली.

आपल्या पाठ्यपुस्तकात यालाच 'कवक' म्हणतात. तो शब्द नवा घडवलेला नाही. मनुस्मृतीत लसूण-कांद्याबरोबर 'कवकानि' निषिद्ध सांगितली आहेत. गोव्यात श्रावणात हा निषेध कोण पाळतो, ते विचारू नका!

आपली खरी गंमत 'रोयणी अळम्यां'त आहे. रोयण म्हणजे वारूळ, जे गोव्यात सातेरी देवी म्हणून आपण पूजतो. वारुळाच्या आत वाळवी या अळम्यांची बुरशी अक्षरशः शेतीसारखी वाढवते. पावसात तिचीच छत्री वर येते. शास्त्रीय नावही वाळवीवरूनच (इंग्रजीत टर्माइट), टर्मिटोमायसिस. वाळवीशिवाय तिची व्यापारी लागवड अजून जमलेली नाही, म्हणून भाव असा चढा. पण म्हणून रानातली ओळख नसलेली अळमी कढईत टाकू नका. विषारी जाती दिसायला अगदी तशाच असू शकतात आणि शिजवल्याने त्यांचं विष जातंच असं नाही.