चुकीच्या घरी गेलेलं स्थळ आणि बी.कॉम.चं शेवटचं वर्ष

पत्र : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरात तेलुगू, बाहेर मराठी. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘पेळ्ळी चूपुलू’ हा तेलुगू चित्रपट मी आतापर्यंत नऊ वेळा पाहिला. पाहुणे चुकीच्या घरी आलेत हे आपल्याला आधी कळत नाही, आणि कळतं तेव्हा त्या दोघांचं सगळं बोलून झालेलं असतं, हे मला फार आवडतं. त्यातल्या नायिकेसारखं, रितू वर्मासारखं काम करावंसं वाटतं. एक खासगी संस्था तीन महिन्यांचा अभिनयाचा कोर्स आणि ‘ब्रेक’ची हमी देते आहे. माझे नान्ना, म्हणजे वडील, म्हणतात आधी लग्न, मग काय ते कर. दिवाळीनंतर बघण्याचा कार्यक्रम आहे. काय करू?

उत्तर :

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवलंय. ‘कळतं तेव्हा त्या दोघांचं सगळं बोलून झालेलं असतं.’ अभिनयाच्या ओढीने मला लिहिणारी मुलं-मुली बहुतेक एखाद्या चेहऱ्याबद्दल लिहितात, अमका कसा रडला, तमकीने कसं पाहिलं. कोणती गोष्ट कोणाला कधी कळते, हे तू लिहिलंस. हा पटकथा लिहिणाऱ्याचा डोळा आहे. रितू वर्मा तुला आवडते, छान आहे, पण नऊ वेळा तू नक्की काय बघत होतीस ते आधी तपासू.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१६ साली आलेला, तरुण भास्कर यांचा पूर्ण लांबीचा पहिला चित्रपट. नावाचा अर्थ सरळ आपला ‘बघण्याचा कार्यक्रम’. विजय देवरकोंडाचा प्रशांत इंजिनिअरिंगचे विषय कसेबसे सोडवून घरी बसलेला, जीव सगळा स्वयंपाकात. रितू वर्माची चित्रा धडाडीची, तिला स्वतःच्या पायावर उभं राहायचंय, परदेशी जायचंय. बघण्याच्या कार्यक्रमात दोघं एका खोलीत बोलायला बसतात आणि दार अडकतं. बाहेर मंडळी खटपट करत असतात, आत दोघं आपापली कहाणी सांगतात. मग उघड होतं की मुलाकडचे पत्ता चुकून भलत्याच घरी आलेत. पुढे लग्नाऐवजी दोघांचा फूड ट्रक सुरू होतो.

दार अडकणं हा विनोद म्हणून येतो, पण काम तो वेगळंच करतो. बघण्याच्या कार्यक्रमात खरं कोणीच बोलत नाही, हे आपल्याला घरोघरी माहीत आहे. दोन परक्या माणसांनी तासाभरात एकमेकांना आपलं अपयश सांगायचं, तर त्याला काहीतरी जबरदस्ती हवी. ती त्या दाराने केली. शिवाय बोलून झाल्यावर कळतं की हे स्थळच नव्हे, म्हणजे बोललेलं सगळं एका अर्थाने बिनकामाचं. म्हणूनच ते खरं. लग्नाचा हिशेब सुटला, ओळख तेवढी राहिली. अर्धा चित्रपट या एका चुकलेल्या पत्त्यावर उभा आहे. (उत्तरार्धात, माझ्या मते, प्रशांतला मुळात ज्या घरी जायचं होतं तिथल्या श्रीमंत, होऊ घातलेल्या सासऱ्याची अट जरा सोयीने आणलेली आहे. तुला दहाव्यांदा पाहायचाच असेल तर तिथे थांब आणि तू काय लिहिलं असतंस ते लिही.)

आता अभिनयाबद्दल, कारण त्यातही शिकण्यासारखं खूप आहे. तेलुगू पडद्यावरच्या पुष्कळ नायिकांचा आवाज दुसऱ्याच कलाकाराचा असतो, हे तुला माहीत असेल. इथे संवाद चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित केले गेले. त्यामुळे खोलीतलं अडखळणं, अर्ध्यात सोडलेलं वाक्य, श्वास, सगळं तसंच राहिलं. रितू वर्मा हैदराबादची, आवाज तिचा स्वतःचा. समोरचा बोलत असताना ती जे ऐकते ते पाहा, तिचं बरंचसं काम त्या ऐकण्यात आहे. देवरकोंडा तेव्हा मोठा तारा नव्हता. तो खांदे पाडून, घाई न करता बोलतो, आणि त्याचा आळस आपल्याला सांगावा लागत नाही. प्रशांतचा मित्र कौशिक झालेल्या प्रियदर्शीचा हैदराबादी बोलीतला तिरकसपणा तर लोकांच्या तोंडी बसला. रितूला या कामासाठी आंध्र सरकारचा नंदी पुरस्कार मिळाला. पण राष्ट्रीय पुरस्कार पाहिलेस तर एक सर्वोत्कृष्ट तेलुगू चित्रपटाचा आहे आणि दुसरा तरुण भास्कर यांना संवादांसाठी. मारामारी नाही, मोठा तारा नाही, तरी धंदा केला तो या लिखाणाच्या जोरावर.

तुझा कल अजूनही तुला कळत नसेल तर एक उपाय आहे, कोर्सची फी भरण्याआधी करण्यासारखा. याच कथेवर हिंदीत ‘मित्रों’ (२०१८), मल्याळममध्ये ‘विजय सूपरुम पौर्णमियुम’ (२०१९) आणि तमिळमध्ये ‘ओ मणपेण्णे’ (२०२१) झाले. चारही चित्रपटांतला खोलीचा प्रसंग लागोपाठ पाहा. सांगाडा जवळपास तोच, माणसं वेगळी. पाहताना हात आपोआप वहीकडे गेला, ‘इथे हे आधी का सांगितलं’ असं लिहू लागलीस, तर पटकथा किंवा संकलन. आरशासमोर उभी राहून तोच संवाद चार तऱ्हांनी म्हणावासा वाटला, तर अभिनय. मग जयंत सोमलकर यांचा मराठी ‘स्थळ’ पाहा. तो व्यावसायिक मसाल्याचा नाही. विदर्भातल्या गावात, व्यावसायिक नट न घेता केलेला, आणि टोरोंटोच्या महोत्सवात २०२३ साली नेटपॅक हा आशियाई चित्रपटांसाठीचा पुरस्कार मिळवलेला. त्यातही बघण्याचा कार्यक्रम आहे, पण इथे दार अडकत नाही. तेच प्रश्न, तोच पाट, तीच पोह्यांची बशी पुन्हा पुन्हा येते, आणि त्या पुनरावृत्तीतूनच गोष्ट सांगितली जाते. एकाच प्रसंगाची ही दोन टोकं स्वतःच्या शब्दांत दोन पानांत मांडता आली, तर तुझा अर्ज अर्धा तयार झाला असं समज.

अर्ज कुठे? पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे सरकारी चित्रपट संस्थेत, दिग्दर्शन-पटकथा, संकलन, ध्वनी, पटकथालेखन आणि अभिनय असे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. कोलकात्याला सत्यजित राय चित्रपट संस्था आहे. दोन्हीकडे या अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेची पदवी लागते, म्हणून बी.कॉम. सोडायचं नाही. रडतखडत का होईना, पूर्ण कर. प्रवेश परीक्षेने होतो आणि जागा मोजक्या असतात, पहिल्या फेरीत नाही झालं तर रडू नकोस. अभिनयच ठरला तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवीबरोबर नाटकात काम केल्याचा अनुभव लागतो. तो सोलापुरात बसून मिळतो. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र तुझ्या गावात आहे, एखाद्या संघात शीर. सुरुवातीला चहा देण्याचं आणि प्रॉम्प्टिंगचं, म्हणजे आडून संवाद सुचवण्याचं काम मिळेल. चालेल.

‘ब्रेक’ची हमी देणाऱ्या संस्थेत जाऊ नकोस. तीन महिन्यांत शिकवता येतं ते शिकवतील, पण काम देण्याची हमी देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाहीच. आणि ऑडिशनला, फोटोला, ‘नोंदणी’ला कोणी पैसे मागितले तर उठून यायचं.

पैशांचं आता स्पष्ट बोलते, कारण नान्ना तेच विचारणार. लेखकाला पहिली काही वर्षं नियमित मिळकत नसते. पण तुझ्याकडे दोन गोष्टी आहेत ज्या पुण्या-मुंबईतल्या मुलांकडे नसतात. एक, तेलुगू आणि मराठी दोन्ही कानात पक्क्या. ओटीटीमुळे तेलुगू चित्रपटांच्या सबटायटलचं, डबिंगसाठी संवाद बसवण्याचं काम असतं, आणि संवादाची लांबी ओठांच्या हालचालीत बसवताना लेखणीला जी शिस्त लागते ती फुकटात मिळते. तेलुगू लिपी वाचता येत नसेल तर आजपासून शीक, ती मोठी अडचण ठरेल. दोन, बी.कॉम. चित्रपटाच्या सेटवर हिशेब ठेवणारा माणूस लागतोच, प्रॉडक्शन अकाउंटंट म्हणतात त्याला. ती खुर्ची कंटाळवाणी आहे खरी. पण तिथून कॉल शीट (दिवसाच्या चित्रीकरणाचं वेळापत्रक), पटकथेची पानं, कोणता प्रसंग का कापला, सगळं दिसतं.

आणि लघुपट कर. तरुण भास्कर आणि रितू वर्मा दोघंही ‘पेळ्ळी चूपुलू’च्या आधी ‘अनुकोकुंडा’ या लघुपटात एकत्र होते, अठ्ठेचाळीस तासांत चित्रपट पूर्ण करण्याच्या स्पर्धेसाठी केलेला. तुझ्याकडे फोन आहे, पूर्व भागातल्या गल्ल्या आहेत, यंत्रमागांचा आवाज आहे. त्या आवाजात दोन माणसांनी गुपित कसं बोलावं, हाच एक चांगला प्रसंग होईल.

राहिला कार्यक्रम. नान्नांशी ‘मला सिनेमात जायचंय’ अशी सुरुवात करू नकोस. ते शब्द ऐकून बाप घाबरतो, त्याचं चुकतही नाही. दोन वर्षं माग, पण तारखांसकट. परीक्षा कधी, प्रवेशपरीक्षेची तयारी कशी, जागा मिळाली नाही तर नोकरी कुठली, असा एका कागदावरचा हिशेब. वाणिज्य शाखेची मुलगी आहेस, तो त्यांना पटेल असा मांडता येईल. तरीही कार्यक्रम टळला नाही तर येणाऱ्या मुलाला पहिल्या दहा मिनिटांत हाच कागद दाखव. लग्न झालंच तर त्याच्याशी पुढे हे बोलावंच लागणार आहे, मग आधीच बोललेलं बरं.

खोलीच्या चार प्रसंगांवरचं तुझं टिपण पंधरा दिवसांत पाठव, तीन पानांच्या वर नको. यंत्रमागाचा प्रसंग लिहिलास तर तोही. पाहुणे येऊन गेले तर तेही कळव, आणि पत्ता त्यांनी बरोबर शोधला का, तेवढं लिहायला विसरू नकोस.