चाहत्यांच्या मालकीचा व्यावसायिक फुटबॉल क्लब खरंच चालतो का? प्रत्यक्षात अडचणी काय येतात?

चालतो. मी स्वतः चार वर्षं एका क्लबचा मालक होतो, अर्ध्या शेअरचा का असेना.

क्लब इंग्लंडमधला पोर्ट्समथ. 2008 मध्ये एफए कप ही तिथली मानाची स्पर्धा जिंकला, आणि पाच वर्षांत पहिल्या श्रेणीतून थेट चौथ्या श्रेणीत. मालक बदलत गेले, देणी वाढत गेली, देणी फिटेनात म्हणून दोनदा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. शेवटी एप्रिल 2013 मध्ये चाहत्यांचा ट्रस्ट आणि काही पैसेवाले चाहते यांनी मिळून तो विकत घेतला. शेअर हजार पौंडांचा. मी नोकरीत नवा होतो, एवढे एकरकमी जमेनात, म्हणून ठाण्याच्या एका मित्राबरोबर पाचशे-पाचशे घातले. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. तालमीच्या संघासाठी वर्गणी काढणं लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे यात मला वेडेपणा वाटला नाही.

रोजचा कारभार जमला. जुनी देणी 2014 मध्ये फिटली, 2017 मध्ये आम्ही चौथ्या श्रेणीत पहिले आलो. घोडं अडलं ते मैदानापाशी. फ्रॅटन पार्क 1899 चं. नॉर्थ स्टँडमधल्या आमच्या जागेजवळच्या खांबाला हात टेकला की तळव्याला गंजाची पूड लागायची. तिकीटविक्रीतून पगार निघतात, पण असा स्टँड नव्याने उभा करायला भांडवल लागतं, आणि चाहत्यांकडे दर वर्षी किती वेळा झोळी फिरवणार?

तेव्हा डिस्नेचे माजी प्रमुख मायकल आयझनर आले. क्लबसाठी 56.7 लाख पौंड, वर एक कोटीची गुंतवणूक. मे 2017 मध्ये मतदान झालं. आमचं मत एक आणि डोकी दोन. मी ‘नाही’वर ठाम. मित्र हिशेबाचा कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसला. म्हणाला, ‘भावनेने छप्पर शाकारता येत नाही. दुसरा मार्ग असेल तर दाखव.’ मला दाखवता आला नाही. रात्री अकराला मी स्वतःच्या हाताने ‘होय’ दाबलं. मत देणाऱ्या सुमारे 80 टक्के सभासदांनी तेच केलं.

दुसरा मार्ग होता. लंडनमधल्या विम्बल्डनचा क्लब 2002 मध्ये दुसऱ्या शहरात, मिल्टन कीन्सला, हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन काढला. प्लाऊ लेनला नवं स्टेडियम बांधताना त्यांचेही पैसे कमी पडले. त्यांनी 2020 मध्ये चाहत्यांनाच कर्जरोखे विकून 50 लाखांहून जास्त पौंड उभे केले आणि बहुमताची मालकी हातात ठेवली. ही बातमी मी मित्राला रात्रीच पाठवली होती. तो म्हणाला, तीन वर्षं उशीर झाला. उशीर झाला हे खरं, पण मार्ग नव्हता हे खोटं.

म्हणून सांगतो, भांडवल लागलं तर आधी कर्ज काढा, मालकी विका ती सगळ्यात शेवटी. आणि शेअर दोघांत घेणार असाल तर मत कोण देणार ते पैसे भरण्याआधी कागदावर लिहा.

हेही सांगायला हवं की नव्या मालकांनी मैदानावर खरोखर खर्च केला, आणि 2024 मध्ये पोर्ट्समथ दुसऱ्या श्रेणीत परतला. विम्बल्डन 2025 मध्ये वर चढला तो तिसरीत. मित्र हे मला दर शनिवारी ऐकवतो. तरीही ते मत आज द्यायचं असतं तर मी ‘नाही’च दिलं असतं.