पाफोसला फेरे खुशाल घ्या, पण कायद्याची सही एकाच ठिकाणी

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नाशिकच्या, हिंदू, मुलगा वसईचा कॅथलिक, दोघांचे पासपोर्ट भारतीय, नोव्हेंबरात सायप्रसला पाफोसमध्ये लग्न. प्लॅनर म्हणतो लीगल सगळं तिथंच होईल, मामा म्हणतात आधी इथं रजिस्टर करा, आणि तुम्हाला वाटतंय दोन्ही करून टाकू, टेन्शनच नको. नेमकं तेच करू नका.

प्लॅनर थापा मारत नाहीये, तिथल्या नगरपालिका परदेशी जोडप्यांची सिव्हिल लग्नं सर्रास लावतात. पण त्यासाठी तुम्ही अविवाहित आहात याचा कागद लागतो, तोही इथून अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालावा म्हणून त्यावर सरकारी शिक्का घेऊन. इथं आधी रजिस्टर केलंत की तुम्ही अविवाहित उरत नाही, मग ते प्रतिज्ञापत्र सरळ खोटं, आणि वर दोन तारखांची दोन सर्टिफिकेटं. नंतर नवऱ्याच्या वर्क व्हिसावर जाताना एका फॉर्मवर ही तारीख, दुसऱ्यावर ती, बसा मग निस्तरत.

मला विचाराल तर मामांचं ऐका. धर्म वेगळे असल्यामुळे बीचवर सात फेरे घेतले तरी हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न होत नाही, तुमचा रस्ता 1954 चा स्पेशल मॅरेज ॲक्ट. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहिलेला हवा, मग लग्न करणार असल्याची नोटीस विवाह नोंदणी ऑफिसला, ती 30 दिवस तिथल्या बोर्डावर, आणि नाशिकला दिलीत तर मुलाचा कायमचा पत्ता वसईचा म्हणून तिकडच्या ऑफिसलाही जाते, तेव्हा दोन्ही घरी आधी सांगून ठेवा. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लावायचं, नाहीतर परत पहिल्यापासून. तीन साक्षीदार लागतात.

तिथंच लीगल करायचं असेल तर करा, पण मग इथं काही नाही. त्यात जन्मदाखला लागतो आणि आपले जुने दाखले काय असतात तुम्हाला माहितीये, माझ्याकडे एक मुलगी आली होती, दाखल्यावर नावाचा रकानाच कोरा, नुसतं 'स्त्री' आणि आईवडिलांची नावं. ते दुरुस्त करून घेण्यातच तिचे दोन महिने गेले. तुमचा आज रात्रीच काढून बघा. तिथल्या भारतीय वकिलातीत लग्न लावायचं कुणी सुचवलं तर 1969 च्या फॉरेन मॅरेज ॲक्टप्रमाणे नोटीस द्यायच्या आधी एकाला 30 दिवस तिथं राहावं लागतं, एवढी रजा कोण देणार.

आता प्लॅनरचं कोटेशन. इथं रजिस्टर करणार असाल तर त्यातली 'सिव्हिल सेरेमनी' आणि नगरपालिकेची फी काढायला लावा, तिथला सोहळा फक्त सोहळा असं लेखी घ्या. आणि 50 टक्के ॲडव्हान्स 'नॉन-रिफंडेबल' लिहिलाय ना, तिथं व्हिसा नाकारला तर किती परत मिळणार हे घालून घ्या. त्याशिवाय एक रुपया पाठवू नका.