वाचकांचे प्रश्न : दहावा न करता दहावा दिवस

प्रश्न : वडील गेले. आम्हा भावंडांचा कर्मकांडावर विश्वास नाही, आईचा थोडाफार आहे. रामकुंडावर दशक्रिया केली नाही तर काका रागावतील. सगळंच वगळावं का? — वाचक, इंदिरानगर

उत्तर : विधी वगळा, दिवस वगळू नका. त्या दिवसांत माणसं येतात, शेजारून पिठलं-भात येतो, प्रत्येकाच्या हाताला काम असतं. श्रद्धा गेली तरी ही गरज राहते. फसतं ते इथेच : चौथ्या दिवशी मुलं कामावर आणि आई घरात एकटी. रोज कोण थांबणार, डबा कुणाकडून येणार, हे लिहून काढा.

स्मृतिसभा दहाव्या दिवशीच ठेवा, म्हणजे बाहेरगावच्या नातेवाइकांना तारीख वेगळी सांगावी लागत नाही. तासाभरात आटपा. बोलणारे चार-पाच, प्रत्येकी पाच मिनिटं, नावं आधी ठरलेली. ‘आणखी कुणाला बोलायचंय?’ असं विचारलंत की माइक पुढाऱ्याच्या हातात गेलाच!

काकस्पर्शात मात्र घेण्यासारखं काही आहे. भाताच्या पिंडाला कावळा शिवत नसला की घरचे हात जोडून म्हणतात, ‘धाकटीचं लग्न आम्ही करू, आईला अंतर देणार नाही.’ तरीही नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. कावळा सोडा, ते बोलणं सोडू नका. आई कुणाकडे राहणार, कर्ज कोण फेडणार, हे काकांसमोर मोठ्याने बोला. मनात राहिलेलं वर्षश्राद्धापर्यंत भांडण होऊन बाहेर येतं.

आईला दिवा लावायचा असेल तर लावू द्या. तत्त्वासाठी तिला दुखवू नका. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं कुणी काढलंच तर ठाम नाही म्हणा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तसं परिपत्रक काढलं. वडीलधाऱ्यांपुढे तेवढा आधार पुरतो.

प्रश्न : रक्षा नदीत न सोडता झाड लावायचंय. कसं करावं? — वाचक, म्हसरूळ

उत्तर : सगळी रक्षा खड्ड्यात ओतू नका. तिच्यात क्षार फार, शिवाय ती अल्कधर्मी. कोवळी मुळं करपतात. दोन फुटी खड्ड्याच्या माती-शेणखतात दोन मुठी मिसळा, बाकीची शेतात पातळ पसरा. अस्थी मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटच्या, पाण्यात सहजी विरघळत नाहीत, रामकुंडातही नाहीत. त्या वेगळ्या पुरा. उन्हाळ्यात घाई नको. रक्षा कोरड्या डब्यात ठेवा, पाऊस लागल्यावर वड किंवा कडुनिंब लावा. जागा स्वतःची हवी. विकलेल्या प्लॉटवरचं झाड तुटलं की घरात पुन्हा सुतक.

प्रश्न : आईने देहदानाचा फॉर्म भरलाय. ऐनवेळी काय अडतं? — वाचक, नाशिकरोड

उत्तर : बहुधा घरचेच. फॉर्म असला तरी वारसांनी होकार दिला नाही तर कॉलेज देह घेत नाही, म्हणून भावंडांशी आजच बोला. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लगेच घ्या, निघण्याआधी शरीररचनाशास्त्र विभागाला फोन करा. शवविच्छेदन झालं असेल किंवा एचआयव्ही, कावीळ-बीसारखा संसर्ग असेल तर नकार येतो. अमरधामची, म्हणजे स्मशानातल्या दहनाची, तयारी मनात ठेवा. नेत्रदान करायचं तर सहा तासांच्या आत. पंखा बंद, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असतेच. आणि घरी रक्षा येणार नाही, हे सर्वांना आधी सांगून ठेवा.